टाकलेल्या कातेची साक्ष

शरद ऋतू लागला की अमेरिकेतील आर्कान्सा, ओक्लाहोमा आणि टेक्सस या प्रांतांच्या माळरानांवर, ऊन कलण्याच्या सुमारास, तळहाताएवढे केसाळ कोळी एकेकटे रस्ते ओलांडताना दिसू लागतात. टॅरांटुला या नावाने परिचित असलेले हे प्रवासी बहुतेक सारे नर असतात. वर्षानुवर्षे बिळाच्या तोंडाशी बसून भक्ष्याची प्रतीक्षा करणे हाच ज्यांचा आयुष्यक्रम, त्यांनी अखेरची कात टाकल्यावर ते बीळ कायमचे सोडलेले असते, आणि मादीच्या शोधार्थ आरंभिलेल्या या भ्रमणातच थोड्या महिन्यांत त्यांची हयात संपते. मादी मात्र वीस वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ, आपल्या बिळात नांदते. नर आणि मादी यांच्या आयुर्मानात एवढे अंतर असताना त्यांना लहानपणी वेगळे ओळखण्याची खूण निसर्गाने अशी झाकून ठेवली आहे, की ती हाती येण्यास मनुष्याला दोन सहस्रकांहून अधिक काळ खर्ची घालावा लागला.

प्राचीन ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने कोळ्यांच्या मीलनाविषयी लिहिले, तेव्हा ते पाठीमागच्या बाजूंनी एकमेकांना जोडले जातात असे त्याने नमूद केले. इतर प्राण्यांवरून बांधलेला हा कयास स्वाभाविक असला तरी खरा नव्हता. नराचे रहस्य त्याच्या शरीराच्या दुसऱ्याच टोकाला, तोंडालगतच्या दोन स्पर्शपादांत, दडलेले होते. डान्झिग येथील आन्टोन मेंगे याने १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत या प्रकाराची उकल झाली: नर प्रथम एक लहानसे जाळे विणतो, त्यावर वीर्याचा थेंब ठेवतो आणि मग स्पर्शपादांची टोके त्यात बुडवून तो थेंब शोषून घेतो. टॅरांटुलाचीही रीत हीच. नर वयात आला की त्याच्या स्पर्शपादांच्या टोकांशी सुईसारखे अग्र असलेले फुगीर गोलक प्रकट होतात. अनेक जातींत पुढच्या पायांवर आकडेही येतात, आणि मीलनसमयी मादीचे विषदंत अडवून धरण्यास ते त्याच्या उपयोगी पडतात. अलेक्झांडर पेट्रुंकेविच या अभ्यासकाने १९११ साली अमेरिकेतील एका टॅरांटुलाच्या प्रणयाराधनाचा व मीलनाचा तपशीलवार वृत्तांत प्रसिद्ध केला.

परंतु या साऱ्या खुणा उमटतात त्या आयुष्याच्या उतरणीवर. आर्कान्सा विद्यापीठातील कीटकशास्त्राचे प्राध्यापक विल्यम बेअर्ग यांनी कित्येक दशके हे कोळी पाळले, त्यांच्या वाढीची नोंद ठेवली आणि १९५८ साली आपल्या अनुभवाचे सार ग्रंथरूपाने मांडले. त्या मुलखातील नराला वयात येण्यास दहाएक वर्षे लागतात. म्हणजे हा नर आहे, असा निर्वाळा ज्या दिवशी मिळावा, त्या दिवसापासून त्याची अखेरची मुदत चालू झालेली असावी! त्याआधीचा निर्णय हवा असेल, तर मृत प्राण्याचे शवविच्छेदन करून पाहण्यावाचून अभ्यासकाला फारसा मार्ग नसे. आपल्या देशातील झाडांवर राहणाऱ्या पोसिलोथेरिया प्रजातीतील नरांच्या पायांवर तर ते आकडेही नसतात. गुत्ती या आंध्रातील गावी मिळालेल्या निळ्या, धातूसारख्या झळाळीच्या कोळ्याला रेजिनाल्ड पोकॉक याने १८९९ साली शास्त्रीय नाव दिले, ते एका मादीवरून. आणि त्या जातीविषयीचे शास्त्राचे ज्ञान पुढे शंभर वर्षे त्या एकुलत्या नमुन्यावर विसंबून राहिले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेत हे कोळी हौसेने पाळले जाऊ लागले, तेव्हा या प्रश्नाला निकड आली. मेक्सिकोतील लाल गुडघ्यांच्या टॅरांटुलाला एवढी मागणी आली, की १९८५ साली त्याचा समावेश वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात करावा लागला. रानातली लूट थांबवावयाची तर घरी पैदास झाली पाहिजे; पैदास व्हावयाची तर जोडी जमली पाहिजे; आणि जोडी जमवावयाची तर कोण नर नि कोण मादी याची शहानिशा वेळेवर, प्राण्याला इजा न करता, झाली पाहिजे. इंग्लंडमधील जॉन व कॅथलीन हॅन्कॉक या दांपत्याने १९८९ साली काढलेली पुस्तिका या गरजेस उत्तर देणारी होती, आणि तिचा विषय होता टाकलेल्या कातेवरून लहान कोळ्यांची लिंगपरीक्षा.

या रीतीच्या मुळाशी शरीररचनेतील एक मोठी अर्थपूर्ण गोष्ट आहे. मादीच्या उदराखाली, श्वसनाच्या चार पुस्तक-फुप्फुसांपैकी पुढच्या दोहोंच्या मधोमध, एक आडवी खाच असते. तिच्या आत वीर्य साठविण्याची पिशवी, म्हणजे शुक्रग्राहिका, असते. या पिशवीचे अस्तर बाहेरच्या कवचाचाच आत वळलेला भाग असल्यामुळे कवचाबरोबर तेही गळून पडते. म्हणूनच कात टाकताच मादीजवळचा वीर्यसंचय नाहीसा होतो. आणि म्हणूनच तिच्या लिंगाचा दाखला तिने टाकलेल्या वस्त्रातच शिल्लक राहतो. वाळून चुरगळलेली कात पाण्यात साबणाचा थेंब घालून भिजवावी, मऊ झाल्यावर उदराची चुणी अलगद उलगडावी, आणि आतल्या बाजूने भिंग लावून त्या खाचेचे निरीक्षण करावे: तेथे पडद्यासारखी घडी किंवा दोन लहान खुंट उभे दिसले तर ती मादी. जागा सपाट दिसली तर बहुधा नर. मात्र फार लहान पिलाच्या बाबतीत निर्णयाची घाई न करता पुढच्या कातेची वाट पाहावी.

शतकानुशतके जे ज्ञान मद्यार्काच्या बरणीत बुडविलेल्या मृतदेहांतून मिळविले गेले, तेच अखेर जिवंत प्राण्याने आपण होऊन टाकून दिलेल्या वस्तूतून मिळू लागले, याहून समाधानाची गोष्ट प्राणिशास्त्राच्या इतिहासात मला थोडीच आढळते. ज्याच्या घरी हा प्राणी असेल त्याने एवढे अवश्य करावे: कात पडली की ती केरात टाकू नये, ती भिजवून पाहावी, तारीख घालून जपून ठेवावी, आणि ती नराची ठरली तर वयात आल्यावर त्याचे दिवस मोजकेच उरतात हे जाणून त्याची जोडी वेळेवर जमवून द्यावी.