नाव बेंजो, गाव नागोया

बोईसर-तारापूर पट्ट्यात लग्न ठरलं की हॉल, आचारी आणि मांडव यांच्यापाठोपाठ एक प्रश्न हमखास येतो, 'बेंजो ठरला का?' विचारणाऱ्याला एखादं वाद्य नको असतं, अख्खा ताफा हवा असतो. चाकांच्या ट्रॉलीवर जनरेटर आणि स्पीकरची चळत, त्याला टेकून कीबोर्डवाला, शेजारी ऑक्टोपॅड, पुढे ढोल, ताशे, ढोलकी, आणि या सगळ्यांना नजरेच्या इशाऱ्यानं हाकणारा मास्टर. चिंचणीपासून सातपाटीपर्यंतच्या किनाऱ्यावर हळदीची रात्र असो, पालघरच्या बाजारातून निघालेली वरात असो की गणपतीचं विसर्जन, 'बेंजो लावलाय' एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही.

एका वाद्याचं नाव साऱ्या मेळ्याला पडलं. गंमत अशी, की पुष्कळ मेळ्यांत आता ते वाद्यच नसतं.

जिथं आहे, तिथं ते जवळून पाहण्यासारखं आहे. लाकडाची लांबट, चपटी, पोकळ पेटी. तिच्यावर आडव्या ताणलेल्या तारा. त्यांतल्या काहींच्या डोक्यावर गोल बटणांची रांग. डाव्या हाताची बोटं बटणं दाबतात, उजव्या हातातली नखी तारा छेडते. बटण दाबलं की त्याच्या खालचा धातूचा तुकडा तारेवर बसतो, तारेची वाजणारी लांबी कमी होते आणि सूर चढतो. उरलेल्या तारांना बटणं नसतात. त्या साथीला गुंजत राहतात. हे सगळं पाहताना डोळ्यांपुढे कोर्टाबाहेर बसणारा टायपिस्ट उभा राहिला, तर नवल नाही. या वाद्याच्या जन्माच्या वेळी टाइपरायटर खरोखरच हजर होता.

जन्मगाव जपानमधलं नागोया, साल १९१२. त्याच वर्षी सम्राट मेइजी गेले आणि तैशो नावाचं राजपर्व सुरू झालं. नागोयातल्या ओसू भागातला मोरिता गोरो हा वादक परदेशांत फिरून आला होता. जपानची दोनतारी त्याला येत होती आणि टाइपरायटरची बटणं त्यानं पाहिली होती. दोन्ही एकत्र करून त्यानं जे घडवलं, त्याला पुढे नव्या राजपर्वावरून 'तैशोगोतो' असं नाव मिळालं. 'कोतो' म्हणजे जपानी घरांतलं प्रतिष्ठित, लांबलचक तंतुवाद्य. ते शिकायला वर्षं लागत. तैशोगोतोच्या बटणांवर १, २, ३ असे आकडेच घातलेले असत. आकड्यांवरून बोट फिरवलं की गाणं निघायचं, गुरू नसला तरी चालायचं.

ही पेटी मुंबईला यायला वाट तयारच होती. जमशेटजी टाटांच्या पुढाकारानं निप्पॉन युसेन काइशा या जपानी कंपनीच्या आगबोटी १८९३ पासून मुंबई-कोबे मार्गावर धावत होत्या. इकडून कापूस जायचा, तिकडून कापड, काचसामान, खेळणी आणि किरकोळ जिन्नस यायचे. अशाच किरकोळ मालातलं हे वाद्य भारतात रुजलं आणि त्याला देशी नाव मिळालं, 'बुलबुल तरंग'. जलतरंगाच्या पंगतीत बसेल असं हे गोड नाव दुकानाच्या पाटीवर शोभलं. वाजवणाऱ्यांच्या तोंडी मात्र बसलं ते 'बेंजो'.

हे नाव अमेरिकेचं. तारापूरच्या किनाऱ्यावर अमेरिकेहून आलेली थोरली वस्तू सगळ्यांना ठाऊक आहे. अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या जनरल इलेक्ट्रिकच्या. त्यांची वीज १९६९ मध्ये वाहू लागली. बेंजो हे नाव त्यामानानं धाकटं पाहुणं, पण त्याचं कूळ अणुभट्टीपेक्षा कितीतरी जुनं. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी कॅरिबियन बेटांवर आणि उत्तर अमेरिकेच्या मळ्यांवर आपल्या आठवणीतली वाद्यं पुन्हा घडवली. भोपळा कापायचा, त्यावर कातडं ताणायचं, दांडा बसवून तारा ओढायच्या. हान्स स्लोन या वैद्यानं सतराव्या शतकाच्या अखेरीस जमैकात अशी वाद्यं पाहिली आणि त्यांचं चित्र १७०७ च्या आपल्या ग्रंथात छापलं. पुढे व्हर्जिनियाच्या जोएल स्वीनीसारख्या गोऱ्या कलावंतांनी १८३० नंतर हे वाद्य रंगमंचावर नेलं. त्या भरात भोपळा गेला आणि लाकडी कडं आलं.

त्या बँजोचा आणि आपल्या बेंजोचा रक्ताचा संबंध काहीच नाही. एकाला कातडं, दुसऱ्याला बटणं. एक छातीशी धरायचा, दुसरा मांडीवर आडवा ठेवायचा. जुळतो तो फक्त आवाजाचा पोत. दोन्ही तुटक, खणखणीत, धातूचे. सूर लांबवायचा तर एकच तार भराभर छेडत राहावं लागतं. एवढ्या साम्यावर नाव चिकटलं. आणि ते एकट्या मुंबईच्या आसपासच चिकटलं असंही नाही. कराची-मकरान किनाऱ्यावर बलुची वादकांनी हीच जपानी पेटी वाढवून हातभर लांबीच्याही पुढे नेली, तिला 'बेंजू' म्हटलं आणि आपल्या लोकसंगीतात मानाची जागा दिली. पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली किनाऱ्यावर मात्र ताराब ही तिथली गाणी गाणाऱ्या मंडळींनी तिचं जपानी नाव 'तैशोकोतो' असंच ठेवलं. बंदर बदललं की नाव बदललं. बटणं तीच राहिली.

घरातल्या चटईवर वाजणारं वाद्य रस्त्यावर कसं आलं, हा या कुळकथेतला खरा मराठी अध्याय. वरातीचा मान आधी बँडचा होता. इंग्रजी पलटणींच्या वाद्यवृंदावरून उतरलेले, लाल-निळे कोट घातलेले ब्रास बँड गावोगाव होते. पण ट्रंपेट, क्लॅरिनेट, युफोनियम या फुंकीच्या वाद्यांना दमाची माणसं लागतात, तीही बरीच, आणि तयार व्हायला वर्षं लागतात. बेंजोला फुंक लागत नाही. त्याच्या बटणांची मांडणी हार्मोनियमवर बोट फिरवलेल्या माणसाला ओळखीची वाटते आणि भजनी मंडळांमुळे हार्मोनियम तर गावोगाव होतीच. उणीव एकच होती, आवाज फार लहान. ती विजेनं भरून काढली. तारांखाली आवाज पकडणारा पिकअप बसला, वायर अँप्लिफायरला गेली, आणि चटईवरचा बेंजो गळ्यात पट्टा घालून चालू लागला.

आगरी-कोळी गीतांच्या ठेक्याला तर तो असा बसला, की जणू त्याच्यासाठीच घडवला असावा. या गाण्यांच्या चाली छोट्या, उसळत्या, पुन्हा पुन्हा फिरून येणाऱ्या. मींड, लांब आलाप यांची त्यांना गरज नाही आणि बेंजोला ते जमतही नाही. सूर ठोकून काढायचा आणि पुढच्यावर उडी मारायची, हा बेंजोचा स्वभाव आणि कोळीगीताचाही. शिवाय ज्या दारात वाजवायचं त्या दाराची फर्माईश पुरवावी लागते. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीनं देशभरचे कामगार इथं आणले, डहाणू-तलासरीच्या पलीकडे गुजरात सुरू होतो. त्यामुळे एका रात्रीत कोळीगीत, गरबा, भोजपुरी आणि ताजं हिंदी गाणं वाजवता येणं ही इथल्या मास्टरची रोजची कसोटी.

याच पालघर जिल्ह्याचं मूळचं वाद्य तारपा. त्याच्याकडे पाहिलं की आणखी एक योग दिसतो. अमेरिकी बँजोनं टाकून दिलेला भोपळा इथं अजून आहे. वारली कारागीर वाळवलेला दुधी, बांबूच्या नळ्या, मेण आणि ताडाच्या पानांचा भोंगा यांतून तारपा उभा करतात. वादक गालांत हवा साठवून श्वास न तोडता फुंकत राहतो आणि नाचणाऱ्यांचा वेढा त्याच्याभोवती फिरतो. तारप्याला ऋतू आहे. भातं तयार होऊ लागली की तो निघतो. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली. बेंजोला असा मान नाही आणि ऋतूही नाही. त्याला लागते लग्नसराई. तरी पाड्यावरच्या लग्नात बेंजोवाल्यांना तारप्याची चाल वाजवावीच लागते, आणि कीबोर्डवर ती वाजतेही.

हाच कीबोर्ड बेंजोच्या मुळावर आला. सनई हवी तर बटण, बासरी हवी तर बटण. नखी धरायला नको, तारा तुटायला नकोत. वाद्य मागे पडत असताना नावाचं मात्र भाग्य उजळलं. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये रितेश देशमुखला घेऊन 'बँजो' नावाचा हिंदी चित्रपट काढला. त्यात न्यूयॉर्कहून एक तरुणी मुंबईच्या वस्तीतल्या बेंजोवाल्याला शोधत येते. ज्या देशानं नाव दिलं, त्याच देशातून पाहुणी आली; निदान पडद्यावर.

रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, असा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक आहे. सणांच्या मोजक्या दिवशी सरकार बारापर्यंत मुभा देतं, लग्नाच्या हळदीला ती नसते. दहा वाजले की जनरेटरची घरघर थांबते, स्पीकर मुके होतात, कीबोर्डचे दिवे विझतात. ट्रॉलीवर खरा बेंजो असला आणि वादकाची बोटं अजून थांबली नसली, तर तारा वाजत राहतात. तो आवाज शेजारी उभ्या असलेल्या चार-सहा माणसांनाच ऐकू जातो. मोरिता गोरोनं तो एका खोलीपुरताच बेतला होता.