दोजो : गयेच्या पिंपळाखालून निघालेला शब्द

पनवेलहून माथेरानच्या पायथ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुकापूर लागतं. संध्याकाळी इथे पांढरा ड्रेस आणि कमरेला रंगीत पट्टा बांधलेली मुलं रस्ता ओलांडताना दिसतात. घरून निघताना ती 'कराटेला चाललो' म्हणतात, शिकवणाऱ्याला 'सर' म्हणतात. पण हॉलच्या दारात चपला काढल्या की कमरेत वाकून नमस्कार करतात आणि मगच आत पाऊल टाकतात. आत गेल्यावर तो हॉल राहत नाही, दोजो होतो.

शब्द जपानी आहे, हे सगळ्यांनाच माहीत असतं. त्याचं कूळ मात्र जपानात संपत नाही आणि चीनमध्येही संपत नाही. ते आपल्याकडे येऊन थांबतं.

सिद्धार्थ गौतमाला बोधगयेत पिंपळाखाली ज्या जागी बोध झाला, त्या जागेला बौद्ध संस्कृतात 'बोधिमंड' म्हणतात. मंड म्हणजे साय, भाताच्या पेजेवर धरणारा दाट थर. म्हणून सार, सत्त्व. बौद्ध ग्रंथ चीनमध्ये गेले तेव्हा 'बोधी'ला काय म्हणावं, असा प्रश्न तिथल्या अनुवादकांपुढे आला. त्यांनी आपल्याच भाषेतला जुना, वजनदार शब्द उचलला : 'दाओ', म्हणजे वाट. त्याला 'छांग', म्हणजे जागा, हा शब्द जोडला. बोधिमंडाचा 'दाओछांग' झाला. हीच दोन अक्षरं जपानी माणूस 'दोजो' अशी वाचतो. ज्यूदो, केंदो, कराटे-दो या नावांमधला 'दो' तोच.

चिनी प्रवासी ह्युएनत्संगाने बोधगयेच्या वज्रासनाचं, म्हणजे बोधाच्या त्या आसनाचं, वर्णन करताना त्या जागेला दाओछांगही म्हणतात, अशी नोंद केली आहे. सातव्या शतकात पुलकेशीच्या राज्यात येऊन महाराष्ट्रातल्या माणसांबद्दल लिहिणारा हाच तो प्रवासी.

मला या कुळकथेत सर्वांत मोलाचं वाटतं ते वळण त्याच्या आधीचं, इ.स. 406 मधलं आहे. त्या वर्षी कुमारजीवाने चांगआन नगरात 'विमलकीर्तिनिर्देश' सूत्राचा चिनी अनुवाद केला. विमलकीर्ती हा वैशालीचा गृहस्थ, बायकामुलांत राहणारा. एका तरुणाला तो नगराच्या वेशीजवळ भेटतो. कुठून आलात, असं तरुणाने विचारल्यावर तो बोधिमंडाहून आल्याचं सांगतो. ही जागा कोणती, असं विचारल्यावर तो कुठल्याच गावाचं नाव घेत नाही. सरळ मन, दान, सहनशीलता, नेट लावून केलेला प्रयत्न अशा एकेका गोष्टीलाच तो बोधिमंड म्हणत जातो. तोवर ही एका झाडाखालची एकच जागा होती. इथून पुढे ती कुठेही असू शकत होती.

आणि शब्द खरोखरच पसरला. 613 मध्ये चीनच्या स्वेइ घराण्यातल्या यांग सम्राटाने देवळांनाच दाओछांग म्हणण्याचा हुकूम काढला. जपानात बौद्ध गुरू शिनरानच्या (1173–1263) अनुयायांनी गावातल्या साध्या घरांत नामस्मरणासाठी जमायला सुरुवात केली. त्या घरांनाही दोजो म्हणत. तलवार शिकण्याची जागा बराच काळ 'केइकोबा', म्हणजे सरावाची जागा, या नावानेही ओळखली जाई. तिथे दोजो हा शब्द हळूहळू रुजला.

1882 मध्ये जिगोरो कानो नावाच्या तरुणाने ज्यूदोची शाळा उघडली, तीही तोक्योतल्या एइशोजी या देवळात. जागा होती 12 चटयांची, म्हणजे साधारण 20 चौरस मीटर. पहिल्या वर्षीचे शिष्य 9. आपटाआपटीने देवळातल्या स्मृतिपाट्या पडायच्या, जमिनीखालच्या फळ्या आणि वासे मोडायचे. रात्री दिवा घेऊन, जमिनीखाली सरपटत जाऊन कानो स्वतः ते सांधत असे. आज ज्यूदो ऑलिंपिकमध्ये आहे. त्याचा पहिला दोजो आपल्या एखाद्या फ्लॅटच्या दिवाणखान्याएवढा होता.

कराटे या शब्दातही असाच एक धागा आहे. ओकिनावात पूर्वी तो 'तांग हात', म्हणजे चिनी हात, असा लिहीत. कराटेगुरू गिचिन फुनाकोशीने 'रिकामा हात' हे लिखाण उचलून धरलं आणि 1936 मध्ये नाहा इथे जमलेल्या गुरूंनीही ते मान्य केलं. त्यातलं 'रिकामा' हे अक्षर म्हणजे चिनी अनुवादकांनी बौद्ध 'शून्यते'साठी वापरलेलं अक्षर.

आपली तालीम दोजोहून फार लांब नाही. तालीम हा अरबी शब्द, अर्थ शिक्षण. आखाडा संस्कृत 'अक्षवाटा'पासून आला. पैलवान हौद्यात उतरताना तांबडी माती कपाळाला लावतो, बजरंगबलीला हात जोडतो. दोजोत समोरच्या भिंतीवर पद्धतीच्या संस्थापकाचं छायाचित्र असतं, तिकडे तोंड करून मुलं वाकतात. जागेला आधी नमस्कार, मग अंगमेहनत, हा क्रम दोन्हीकडे सारखा आहे.

म्हणून सुकापुरातला भाड्याचा हॉल, त्यातल्या जोडून अंथरलेल्या रबरी गाद्या, बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलेले आईवडील यांतलं काहीही दोजो या नावाला कमी पडणारं नाही. कमी पडतो तो फक्त शब्दाचा परिचय. पट्ट्याच्या परीक्षेसाठी मुलं आकडे, पवित्रे, फटक्यांची नावं जपानीत घोकतात, पण दारात वाकतो ती जागा कोणती, हे त्यांना सहसा कुणी सांगत नाही. क्लास चालवणाऱ्या सरांना माझी विनंती आहे : नवीन मुलांच्या पहिल्या दिवशी फळ्यावर 'दोजो' लिहा आणि त्याच्या शेजारी 'बोधिमंड' लिहा. अर्थ सांगायला पाच मिनिटं पुरतील.