दुपारी २ वाजून ५९ मिनिटं

२६ डिसेंबर २०१७. नॅशव्हिल, टेनेसी. व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या रुग्णालयात मेंदूतल्या रक्तस्रावासाठी दोन दिवसांपूर्वी दाखल झालेल्या ७५ वर्षांच्या बाईंची तब्येत सुधारत आहे. त्यांना न्यूरो आयसीयूमधून हलवायची तयारी चालू आहे. आज फक्त एक पेट स्कॅन करायचा आहे.

दुपार. स्कॅनच्या यंत्रात आत जायची बाईंना भीती वाटते. रेडिओलॉजीतून निरोप येतो, काहीतरी द्या.

२.४७. डॉक्टर ऑर्डर लिहितात : व्हर्सेड, २ मिलिग्रॅम, शिरेतून. घाबरलेल्या पेशंटला शांत करण्याचं हे नेहमीचं औषध. ऑर्डर तातडीची नाही.

२.४९. फार्मसी ऑर्डर तपासून मंजूर करते. औषध आता आयसीयूच्या कंप्युटराइज्ड कपाटात बाईंच्या नावावर आहे, पण मिडाझोलॅम या जेनेरिक नावाने.

बाईंची नेमलेली सिस्टर दुसऱ्या कामात आहे. खाली रेडिओलॉजीत जाऊन औषध देण्याचं काम सिस्टर रेडोंडा वॉट यांच्याकडे येतं. त्या आज सगळ्यांच्या मदतीला आहेत, सोबत शिकाऊ सिस्टर आहे, पुढचं काम इमर्जन्सीत ठरलेलं आहे.

२.५९. वॉट कपाटासमोर उभ्या आहेत. बाईंच्या यादीत व्हर्सेड दिसत नाही. त्या ओव्हरराइड दाबतात, म्हणजे यादीबाहेरचं औषधही काढता येतं. इंग्रजी ‘व्ही’ आणि ‘ई’ टाइप करतात. यादीतलं पहिलं नाव निवडतात. खण उघडतो. आत व्हेक्युरोनियम आहे, १० मिलिग्रॅम.

व्हेक्युरोनियम भुलीच्या वेळी, पेशंट व्हेंटिलेटरवर असताना वापरतात. ते श्वासाचे स्नायू लुळे करतं, शुद्ध हरपवत नाही. म्हणून बाटलीच्या टोपणावर इशारा छापलेला असतो : स्नायू लुळे करणारं औषध. टोपण उघडायचं तर त्याच्यावरच बोट टेकवावं लागतं.

बाटलीत पावडर आहे. वॉट बाटली उलटी धरून मागच्या बाजूला ती कशी विरघळवायची ते वाचतात. पुढच्या बाजूचं नाव वाचायचं राहतं. मिडाझोलॅम तयार द्रव असतं, त्यात काही विरघळवावं लागत नाही. नाव वाचायचं राहिलं तरी थांबायला एवढं पुरलं असतं, असं मला प्रत्येक वेळी वाटतं. त्या वेळी शिकाऊ सिस्टरशी इमर्जन्सीतल्या कामाबद्दल बोलणं चालू होतं, हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितलं.

खाली, रेडिओलॉजी. तिथे औषध आणि ऑर्डर जुळवून पाहणारा बारकोड स्कॅनर नाही. इंजेक्शन दिलं जातं. दिल्याची वेळ पेशंटच्या नोंदीत कुठेच नाही.

वॉट इमर्जन्सीकडे निघतात. पेटचं किरणोत्सारी द्रव्य शरीरात भिनेपर्यंत पेशंटला एका खोलीत पडून राहावं लागतं. खोलीत कॅमेरा आहे, पण दुरून पाहणाऱ्याला त्यात झोपलेली बाई दिसते. ऑक्सिजन मोजणारा चिमटा बोटाला लावलेला नाही. चुकीच्या बाटलीची चर्चा खूप झाली. मला त्याहून मोठी वाटते ती ही खोली. ऑर्डरप्रमाणे खरोखरच मिडाझोलॅम दिलं असतं, तरी श्वासावर लक्ष ठेवायला कोणीतरी हवंच होतं.

साधारण ३.३०. पेशंटला न्यायला आलेल्या कर्मचाऱ्याच्या लक्षात येतं, बाई श्वास घेत नाहीत. आणीबाणीचा कोड पुकारला जातो. सीपीआर. हृदय पुन्हा चालू होतं.

थोड्या वेळाने, आयसीयू. उरलेलं औषध असलेली पिशवी एका सहकारी सिस्टरच्या हातात आहे. ती बाटलीची पुढची बाजू वाचते आणि वॉट यांना विचारते, हेच दिलंस का?

२७ डिसेंबर, मध्यरात्रीनंतर. व्हेंटिलेटर काढला जातो आणि बाईंचा मृत्यू होतो.

मृत्यूच्या दाखल्यात कारण ‘नैसर्गिक’ नोंदलं गेलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये एक निनावी तक्रार गेली, तेव्हा केंद्रीय तपासनीस आले. २०२१ मध्ये वॉट यांचा परवाना रद्द झाला. २५ मार्च २०२२ रोजी ज्युरीने त्यांना दोषी ठरवलं, १३ मे रोजी तीन वर्षांचं प्रोबेशन झालं. रुग्णालयावर फौजदारी खटला चालला नाही.