निरक्षरता आणि बेघरपणा

ज्यास स्वतःचे वा भाड्याचे छप्पर नाही व जो पदपथावर, पुलाखाली अथवा रेल्वेच्या फलाटावर रात्र काढतो, अशा मनुष्याच्या दैन्यात निरक्षरतेचा आणि शिक्षणाच्या विषम वाटणीचा असलेला हिस्सा. दोहोंचे मूळ दारिद्र्यात आहे, असे सांगून हा विषय बहुधा आटोपता घेतला जातो; परंतु महाराष्ट्राचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहता, दरिद्री कुटुंब निराश्रित होते त्या क्षणी तेथे कोणता ना कोणता लेखी कागद हजर असतो आणि तो त्या कुटुंबास वाचता आलेला नसतो, असे आढळते.

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झालेल्या दंग्यांत शेतकऱ्यांचा रोख सावकाराच्या देहापेक्षा त्याच्या दप्तरावर अधिक होता. कर्जरोखे आणि हुकूमनामे हुडकून ते जाळण्यात आले, कारण ज्या मजकुराखाली आपण निशाणी केली तो वाचता न येणाऱ्या कुळास आपली जमीन गहाण पडली की कायमची गेली, हे अनेकदा दिवाणी कोर्टाची जप्ती दारी आल्यावरच समजत असे. १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्यांचे दस्तऐवज ग्रामनिबंधकासमक्ष करण्याचे बंधन घातले. तथापि रोगाचे निदान अधिक अचूक केले ते जोतीराव फुले यांनी. सरकारचा वसूल मुख्यतः रयतेच्या श्रमातून येतो आणि तो उच्च वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, असे १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे मांडून त्यांनी किमान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली.

मुंबईत हाच प्रश्न नोटिशीच्या रूपाने पुढे आला. पदपथावरील झोपड्या हटविण्याच्या १९८१ मधील शासकीय निर्णयाविरुद्ध ऑल्गा टेलिस प्रभृतींनी केलेल्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै १९८५ रोजी दिलेल्या निकालात उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कात अंतर्भूत मानला. मात्र झोपड्या हटविण्याचा महापालिकेचा अधिकार कायम राहिला, आणि पर्यायी जागेचे आश्वासन मिळाले ते १९७६ च्या गणनेतील ओळखपत्र जवळ असणाऱ्यांस. प्रत्येक पाडकामात शिधापत्रिका, जन्माचा दाखला आणि मुलांची पाठ्यपुस्तके ढिगाऱ्याखाली जात असताना, नेमका जपून ठेवलेला कागद हीच निवाऱ्याची अट ठरावी, यातील अन्याय स्पष्ट आहे. लेखी पुराव्यावाचून हक्क नाही अशी ही व्यवस्था सर्वांत कठोरपणे त्यांच्यावरच कोसळते, ज्यांना कागद वाचता येत नाही आणि ठेवायला पेटीही नाही.

पुढील पिढीचे नुकसान याहून गंभीर होय. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्यानुसार वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही आणि शाळाबाह्य मुलास वयानुरूप वर्गात बसविले पाहिजे. परंतु प्रवेश मिळणे आणि वर्षभर शाळेत टिकणे या भिन्न गोष्टी आहेत. मराठवाड्यातून ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन वसंतापर्यंत चालतो, म्हणजे जूनमध्ये पटावर आलेले मूल ऐन अभ्यासाच्या महिन्यांत कोपीत, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीत, असते आणि थोरली मुलगी बहुधा धाकट्या भावंडास सांभाळीत असते. ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ मध्ये सुरू झालेली सिग्नल शाळा या कारणास्तव विशेष उल्लेखनीय आहे: तेथे मुलाने शाळेचा पत्ता शोधावयाचा नसून, सिग्नलवर वस्तू विकणाऱ्या मुलाच्या पायाशी शाळाच नेलेली आहे.

२०११ च्या जनगणनेत, २८ फेब्रुवारीच्या रात्री केलेल्या गणतीनुसार, भारतात सुमारे १७.७ लाख लोक बेघर होते. त्यांच्यासाठी रात्रनिवारे बांधणे अवश्य आहेच; परंतु वस्ती हटविण्याचा हुकूम काढणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने प्रथम तेथील मुलांची नावे शाळेच्या पटावर पडताळावीत, नोटीस रहिवाशांस त्यांच्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवावी आणि वार्षिक परीक्षा पार पडेपर्यंत पाडकाम तहकूब ठेवावे.