तिसरा रकाना: तंबाखू, क्विअर माणसं आणि आपला वऱ्हाड

घरात मोठ्यांसमोर हा विषय स्पीकरवर लावायची सोय नसेल तर त्यांच्यासाठी हा भाग इथे लिहून देतोय. मी चिखलदऱ्यातून बोलतोय, कामानं सॉफ्टवेअरवाला. त्यामुळे इतिहास सांगतानाही माझी नजर आधी डेटाकडे जाते. आजचा प्रश्न साधा आहे. तंबाखू सोडवायच्या मोहिमा देशात इतकी वर्षं चालू आहेत, त्यात एलजीबीटीक्यू माणसं कुठे दिसतात? आणि सिगारेट कंपन्यांना ती कधी दिसली?

सुरुवात थोडी मागून करू. तंबाखू आपल्या मातीतली नाही. ती अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या जहाजांवर आली आणि आधी दख्खनमध्ये रुजली. १६०४-०५ च्या सुमाराला अकबराचा दूत असद बेग विजापूरला गेला होता. तिथे त्याला तंबाखू दिसली. ती त्यानं एका देखण्या चिलमीसकट बादशहाला नजर केली. अकबरानं दोन-चार झुरके घेतले. दरबारच्या हकिमानं हरकत घेतली की हे औषध आपल्या ग्रंथांत नाही, त्याचे गुण कोणाला ठाऊक नाहीत. पण सरदारांना चटक लागली ती लागलीच. १६१७ मध्ये जहांगीरनं बंदी घातली, तिचाही काही उपयोग झाला नाही. आपला वऱ्हाड १५९६ मध्येच मुघलांकडे गेला होता, म्हणजे या सगळ्या घडामोडी आपल्याच सरकारच्या दरबारातल्या समजा.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवा. तंबाखू पसरली ती संगतीनं. मोठ्यांच्या बैठकीत बसायचं तर हुक्का हातात पाहिजे. आज विदर्भात हुक्क्याची जागा खर्ऱ्यानं घेतली आहे. पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांसाठी सांगतो: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून पानठेल्यावर घोटून देतात, तो खर्रा. महाराष्ट्रानं गुटख्यावर पहिली बंदी २००२ मध्ये घातली होती. २००४ मध्ये ती सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. मग २० जुलै २०१२ ला अन्नसुरक्षा कायद्याखाली नवी बंदी आली, आणि पुढच्या आदेशांत खर्रा आणि मावाही आले. पण पानठेल्यासमोर उभं राहून बघा, कागद कुठे आणि पन्नी कुठे!

आता आपल्या विषयाकडे. पानठेला म्हणजे नुसतं दुकान नाही. तो पुरुषांचा अड्डा आहे. तिथे बाप्यासारखं वागावं लागतं. ज्या पोराची चाल, आवाज, आवड थोडी वेगळी आहे, त्याला 'आपल्यातला' ठरायचा सर्वांत स्वस्त मार्ग कोणता? एक पुडी खर्रा. आणि ज्याला घरातून काढलं, जो रात्री स्टँडवर थांबतो किंवा टाळी वाजवून पोट भरतो, त्याच्यासाठी तीच पुडी भूक आणि ताण मारायचं औषध होते. सतत लपून राहण्याचा आणि टोमण्यांचा जो जादा ताण असतो त्याला अभ्यासक 'मायनॉरिटी स्ट्रेस' म्हणतात. इलन मायर या संशोधकानं २००३ मध्ये तो सविस्तर मांडला. तो ताण उपजत नसतो, बाहेरून लादलेला असतो. १८६० च्या दंडसंहितेतलं कलम ३७७ समलिंगी प्रेमाला गुन्हा ठरवत होतं, ते ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत चाललं. १५८ वर्षं! इतक्या काळात लपायची सवय पिढ्यांच्या अंगवळणी पडते.

सिगारेट कंपन्यांनी हे कधी ओळखलं? अमेरिकेतली गोष्ट आहे. १९९० मध्ये 'अ‍ॅक्ट अप' या एड्सविषयी लढणाऱ्या संघटनेनं मार्लबोरोवर बहिष्कार टाकला, कारण फिलिप मॉरिस ही कंपनी समलिंगीविरोधी सिनेटर जेसी हेल्म्स यांना पाठबळ देत होती. पुढच्याच वर्षी तडजोड झाली आणि कंपनीनं एड्ससाठीच्या देणग्या वाढवल्या. म्हणजे भांडण मिटलं, आणि त्याबरोबर सिगारेटचा पैसा चळवळीच्या घरात आला. १९९२ मध्ये गे वाचकांच्या एका मासिकात सिगारेटची जाहिरातही झळकली.

त्याहून वाईट पुढे आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यात आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीनं सॅन फ्रान्सिस्कोसाठी एक योजना आखली. कास्ट्रो भागातले समलिंगी लोक आणि टेंडरलॉइन भागातले रस्त्यावर राहणारे लोक, या दोघांना कॅमल सिगारेट विकायची. योजनेचं पूर्ण नाव 'सब-कल्चर अर्बन मार्केटिंग', आणि आद्याक्षरं जोडली की 'स्कम'. मराठीत सांगायचं तर गाळ, घाण. ज्यांना माल विकायचा त्यांनाच हे नाव! एका कागदावर ते खोडून हातानं दुसरं नाव लिहिलेलं सापडतं. हे कागद जगाला दिसले ते १९९८ च्या खटल्यांतल्या तडजोडींमुळे, कारण त्यांत कंपन्यांना आपली अंतर्गत कागदपत्रं खुली करावी लागली.

त्याच शहरात उलटं कामही सुरू झालं होतं. 'द लास्ट ड्रॅग' नावाचे सिगारेट सोडण्याचे वर्ग समुदायातल्याच लोकांनी सुरू केले आणि शहराच्या आरोग्य खात्यानं साथ दिली. विचार सोपा होता. दवाखान्यात शिरताना आधी 'लग्न झालं का?' हे ऐकावं लागत असेल तर माणूस सिगारेटबद्दल खरं बोलणार नाही. तेच बोलणं आपल्या माणसांत होतं. स्थानिक भागीदारी म्हणजे हेच: सरकारकडे डॉक्टर, औषध आणि पैसा असतो, संस्थेकडे विश्वास असतो. एकट्यानं दोघांचंही भागत नाही.

आता भारतात या. २०१६-१७ च्या 'गॅट्स' या तंबाखू पाहणीचे आकडे मी जरा इंजिनिअरच्या डोळ्यांनी पाहिले. देशात २८.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात, महाराष्ट्रात २६.६ टक्के. एकूण ७४,०३७ लोकांच्या मुलाखती झाल्या. त्यातले पुरुष ३३,७७२ आणि स्त्रिया ४०,२६५. बेरीज करून बघा. बरोब्बर ७४,०३७. तिसऱ्या रकान्यात शून्य नाहीये, तिसरा रकानाच नाहीये! त्याआधी २०११ च्या जनगणनेत 'इतर' या नोंदीखाली देशात ४ लाख ८७ हजार ८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ माणसं मोजली गेली होती. १५ एप्रिल २०१४ ला 'नालसा' निकालात सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथी ओळख मान्य केली होती. म्हणजे माणसं होती, कायद्यात होती, फक्त तंबाखूच्या तक्त्यात नव्हती. आणि समलिंगी किंवा द्विलिंगी लोकांचा तर विचारच नाही. तक्त्यात नाही म्हणजे बजेटमध्ये नाही, हे कोणत्याही सरकारी कामाचं गणित आहे. आपल्या मेळघाटाला लागूनच असलेल्या मध्य प्रदेशात, भोपाळच्या दंतवैद्यकातल्या संशोधकांनी तृतीयपंथीयांच्या तोंडाच्या आरोग्याचा अभ्यास करून छापला, पण असे अभ्यास मोजकेच.

मग आपल्याकडे काहीच नाही का? आहे, फक्त वेगवेगळ्या कपाटांत आहे. पहिलं कपाट एचआयव्हीचं. मुंबईत १९९० मध्ये अशोक राव कवी यांनी 'बॉम्बे दोस्त' काढलं आणि १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला. पुण्यात २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांचा समपथिक ट्रस्ट आला. नागपुरात सारथी ट्रस्ट काम करतो. एड्स नियंत्रणाच्या कार्यक्रमात समुदायातलेच पीअर एज्युकेटर वस्तीत जातात, तपासणीला सोबत नेतात. म्हणजे सरकार आणि समुदाय यांच्यातला पूल बांधून तयार आहे.

त्या पुलावरून तंबाखूचं काम का न्यावं? २०१३ मध्ये डेन्मार्कमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जिथे एचआयव्हीवरचे उपचार नीट मिळतात, तिथे सिगारेट ओढणाऱ्या रुग्णांच्या आयुष्यातली १२ हून जास्त वर्षं सिगारेटनं खाल्ली होती, आणि एचआयव्हीनं साधारण ५. गोळ्या वेळेवर घेणारा माणूस तंबाखूनं गेला, तर त्या कार्यक्रमानं वाचवलं काय? शिवाय ज्या ट्रान्स महिला इस्ट्रोजेन घेतात, त्यांना सिगारेटमुळे रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो. हे त्यांना सांगणारं कोणीतरी हवं, आणि ते टोमणा न मारता सांगणारं हवं.

दुसरं कपाट आपल्या विदर्भाचंच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांची 'सर्च' संस्था, राज्य सरकार आणि टाटा ट्रस्ट्स यांनी मिळून 'मुक्तिपथ' सुरू केलं. लोकजागृती, गावाची संघटना, कायद्याची अंमलबजावणी आणि व्यसन सोडवायचा उपचार, असं चौपदरी काम. खर्रा तिथेही तोच. वरून आदेश आला म्हणून गाव तंबाखू सोडत नाही, गावानं ठरवलं तर सुटते, हा त्याचा पाया.

ही दोन कपाटं शेजारी ठेवा. अमरावती जिल्ह्यात त्यासाठी नवी इमारत लागत नाही. जिल्हा रुग्णालयातलं तंबाखूमुक्तीचं समुपदेशन, दंत महाविद्यालयाची तोंडतपासणी आणि समुदायातले पीअर एज्युकेटर यांनी एकच कॅलेंडर वापरलं तरी सुरुवात होते. तृतीयपंथीयांच्या डेऱ्यात गुरूचा शब्द चालतो. गुरूनं पुडी बाजूला ठेवली तर चेल्यांवर दहा पोस्टरांपेक्षा जास्त परिणाम होईल असं मला वाटतं. आणि नोंदवहीत तिसरा रकाना हवाच, तोही माणसाच्या मर्जीनं भरलेला. नाव बाहेर फुटणार असेल तर पुढच्या वेळी कोणी येणार नाही.

जाता जाता दोन कामाच्या गोष्टी. आरशासमोर तोंड पूर्ण उघडा आणि आपली तीन बोटं उभी धरून आत जातात का बघा. जात नसतील, किंवा तिखट लागून तोंडाची आग होत असेल, तर दातांच्या डॉक्टरला दाखवा. खर्रा-सुपारीनं तोंडाची त्वचा कडक होते, आणि पुढे तिथे कॅन्सर होऊ शकतो. दुसरं, १८०० ११ २३५६ ही सरकारची तंबाखू सोडण्यासाठीची मोफत फोनलाइन आहे.

आणि तुमच्या ग्रुपमध्ये एखादा दोस्त 'तसा' आहे म्हणून सगळे हसत असतील, तर त्याला खर्रा देण्याऐवजी नुसतं शेजारी बसायला जागा द्या. ते आपल्याला आजच करता येतं. भेटू पुढच्या भागात!