ससा, डास आणि विषाणू

ससा म्हटला की आपल्याला कासवाशी शर्यत लावणारा गोष्टीतला ससा आठवतो. ऑस्ट्रेलियातल्या मेंढपाळाला मात्र तो वैरी वाटे. १८५९ साली टॉमस ऑस्टिन या जमीनदाराने शिकारीच्या हौसेपायी इंग्लंडहून वीसपंचवीस ससे आणवून व्हिक्टोरियातल्या आपल्या जमिनीवर सोडले. पन्नाससाठ वर्षांत त्यांची प्रजा खंडाच्या मोठ्या भागात पसरली. मेंढ्यांच्या तोंडचे गवत गेले, जमीन उघडी पडली. कुंपणे, सापळे, विष, सगळे करून झाले. ससे काही हटेनात.

यावरचा उतारा निघाला दक्षिण अमेरिकेत. १८९६ साली माँटेव्हिडिओ येथे सानारेल्ली या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतले युरोपीय ससे डोळे सुजून, अंगावर गाठी येऊन पटापट मेले. या रोगाचे नाव मायक्सोमॅटोसिस. त्याचा विषाणू आपल्या देवीच्या विषाणूच्याच कुळातला. गंमत अशी, की ब्राझीलच्या रानसशाला त्याने फक्त एक लहानशी गाठ येते. तिथे तो जुना बिऱ्हाडकरू. युरोपीय सशाच्या घरी मात्र दरोडेखोर!

हा विषाणू डासाच्या पोटात वाढत नाही. आजारी सशाच्या गाठीत डासाने सोंड खुपसली, की तो सोंडेला चिकटतो आणि पुढच्या सशाला टोचला जातो.

१९५० साली मरी नदीच्या खोऱ्यात तो मुद्दाम सोडण्यात आला. आरंभी प्रयोग फसलासे वाटले. पण डिसेंबरात डासांबरोबर साथ उसळली. लागण झालेल्या शंभरांतले नव्याण्णवांहून अधिक ससे मरत. नेमका त्याच सुमारास त्या भागात माणसांमध्ये मेंदूज्वर आला. लोक घाबरले, आणि त्यांचे तरी काय चुकले? तेव्हा १९५१ मध्ये बर्नेट, फेनर आणि क्लूनीज रॉस या तिघा शास्त्रज्ञांनी तोच विषाणू स्वतःला टोचून घेतला. तिघेही ठणठणीत राहिले!

आता तुम्ही म्हणाल, मग सशांचा निकाल लागला असेल. तसे झाले नाही. फ्रँक फेनर यांना आढळले, की काही वर्षांतच विषाणू सौम्य होत चालला आहे. कारण सरळ आहे. ससा झटपट मेला, तर त्याला चावायला डासाला फारसे दिवस मिळत नाहीत. आजारी ससा काही आठवडे जगला, तर तेवढे दिवस डास विषाणू पसरवतात. म्हणून मध्यम जहाल वाण टिकले. इकडे वाचलेल्या सशांची पिलेही चिवट निघाली. युराना सरोवराकाठी काही वर्षे एकाच ठरावीक वाणाने परीक्षा घेतली. मृत्यूचे प्रमाण शेकडा ९० वरून २५ च्या आसपास आले.

माणसाने सोडलेला हा दूत माणसाच्या मुठीत कधीच राहिला नाही. १९५२ साली फ्रान्समधल्या एका डॉक्टराने केवळ आपल्या बंदिस्त आवारापुरता तो वापरला, आणि पाहता पाहता युरोपभर ससे मरू लागले.

मग प्रत्येक साथ आपोआप निवळते, असे समजायचे काय? मुळीच नाही. मायक्सोमाचेही पुढे पुन्हा जहाल वाण आढळले. आणि देवी आपणहून गेली नाही. लस टोचून, घरोघर शोधून तिला हाकलावी लागली. त्या कार्याचा शेवट तपासणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष होते हेच फेनर, आणि १९८० साली देवी जगातून गेल्याची ग्वाही त्यांनीच दिली. सशांच्या साथीकडे वर्षानुवर्षे डोळे लावून बसलेल्या माणसाने विषाणूच्या दयेवर भरवसा ठेवला नाही, एवढे आपण ध्यानात ठेवावे.