पहारेकरी नसलेले घर

व्यसनाने माणसाचे घर मोडते, हे आपण पुष्कळदा ऐकतो. पण व्यसन सोडल्यानंतर त्याने राहावे कोठे? घरच्यांचा विश्वास उडालेला, आणि जुन्या सोबत्यांकडे जावे तर तेथे बाटली तयारच. या प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेत सापडले. ते मला मोठे विचार करण्याजोगे वाटते.

सन १९७५ मधली गोष्ट. मेरीलँड राज्यातील सिल्व्हर स्प्रिंग येथे व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांसाठी सरकारी मदतीने चालणारे एक निवासगृह पैशांअभावी बंद होणार होते. तेथे राहणाऱ्यांत पॉल मलॉय नावाचे वकील होते. व्यवस्थापक जात असेल तर जाऊ दे, घर आपणच भाड्याने घेऊ, असे त्या मंडळींनी ठरवले. ‘ऑक्सफर्ड हाउस’चा जन्म झाला तो असा.

त्यांनी नियम केले ते मोजकेच. कारभार मतदानाने चालवायचा. खर्च सर्वांनी वाटून घ्यायचा. आणि पुन्हा नशा करील त्याने घर सोडायचे. नवा माणूस घ्यायचा तर शंभरांत ८० मते हवीत. मात्र नियम पाळणाऱ्याला राहण्याची मुदत नाही.

तिसरा नियम प्रथम मला निष्ठुर वाटला. पडलेल्याला हात द्यायचा की दार दाखवायचे? पण मग ध्यानात आले, की एका खोलीत शिरलेली बाटली साऱ्या घराला बुडवू शकते. शिवाय दार दाखवणारा तेथे कोणी साहेब नसतो. उद्या हीच पाळी आपल्यावर येईल, हे जाणणारा सोबतीच असतो. ज्याच्यावर जगाने पहारा ठेवला, त्याच्याच हाती येथे किल्ली दिली जाते. माझ्या मते औषध आहे ते हेच.

शेजाऱ्यांना मात्र हे रुचलेच असे नाही. वॉशिंग्टन राज्यातील एडमंड्स शहराचा नियम असा होता, की कुटुंबांच्या वस्तीत एका घरात रक्ताचे वा लग्नाचे नाते असलेले कितीही राहोत, नाते नसलेले पाचच. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. घरांच्या बाबतीत भेदभाव करू नये, असे सांगणाऱ्या कायद्यातून या नियमाला सूट नाही, असा निर्णय १९९५ मध्ये झाला.

आज अशी तीन हजारांहून अधिक घरे आहेत. फराळाच्या ताटाभोवती आपण बसतो ते नात्याने. तेथली माणसे एका टेबलाशी बसतात ती परस्परांच्या भरवशावर. त्यांना कुटुंब म्हणायला माझी तरी काही हरकत नाही.